सहा हजार चारशे अठरा

डंडीत, लोचीच्या गॅरेजात, पत्र्याच्या खोलीत
मी गाडीच्या निकालाची वाट बघत बसले आहे.
वर्षातून एकदा हिची परीक्षा असते.
नापास झाली तर रस्त्यावर आणायची नाही, असा इथला कायदा.
माणसांना असला कायदा नाही, हे बरं.

फ्रेझर काचेतून आकडा वाचून दाखवतो:
गेल्या डिसेंबरपासून सहा हजार चारशे अठरा मैल.
"बरंच फिरलात की!"
मी हसते. हातात त्याच्या मशीनची पांचट कॉफी,
आणि डोक्यात, गणिताच्या मास्तरांची मुलगी ना मी, हिशेब.

लीड्स, जाऊन येऊन पाचशे वीस.
कैवल्यचा तिथला संसार मोडला, त्याला आणायला गेलो.
येताना अर्धी उघडलेली सायकल, दोन बॅगा,
पुढच्या सीटवर पट्टा बांधून मनी प्लांटची कुंडी,
आणि मागे मी, सायकलचं चाक मांडीवर धरून.
बेरिकपर्यंत कुणी बोललं नाही.
बेरिकला तो म्हणाला, भूक लागलीय.
माझ्या जिवात जीव आला.

स्काय बेट, चुकलेल्या वळणांसकट चारशे ऐंशी.
तीन दिवस धुकं.
समोर डोंगर आहे असं फलकावर लिहिलं होतं,
आम्ही मान्य केलं.
गाडीतच गार थालीपीठं खाल्ली, नकाशावरून भांडलो,
आणि हेरंबने मागे घेताना एका दगडी भिंतीला गाडी टेकवली.
पोचा अजून आहे.
सहलीचा तेवढाच फोटो.

नाइनवेल्स हॉस्पिटल, पाच मैल, एकतीस वेळा.
जानेवारीत बर्फावर पडले, उजवं मनगट.
फिजिओथेरपीची पोर म्हणायची, मूठ वळा;
मी कणकेचा गोळा आठवून वळायचे.
मे महिन्यात पहिली पोळी लाटली.
ती कुठल्याच देशाच्या नकाशासारखी नव्हती.

मिरज यात धरलेलं नाही.
यात फक्त एडिंबराचा विमानतळ, सोडायला आणि न्यायला, दोनशे वीस;
पुढचं मोजायला गाडीकडे काटा नाही.
आईने मला कुसुममावशी समजून विचारलं,
"माझी लेक भेटते का गं तुला तिकडे?"
मी म्हटलं, भेटते.
बरी आहे.

बेरीज केली. तेराशे पंच्याहत्तर.
भाजी, पोस्ट, पोहण्याचा तलाव,
कोथिंबिरीसाठी पार त्या टोकाच्या दुकानापर्यंत:
सढळ हाताने धरा दोन हजार.
तरी तीन हजार उरतातच.

मग दूध आठवलं.

मार्चमध्ये हेरंबची नोकरी गेली.
एकोणीस वर्षांची, एका ईमेलने, बुधवारी.
त्यानंतर रात्री दोनला खाली गाडी सुरू व्हायची.
मी भिंतीकडे तोंड करून झोपलेली,
म्हणजे जागीच.
पहाटे तो यायचा, हातात दुधाचा कॅन.
"संपलं होतं ना."
फ्रिजमध्ये चार असायचे.

मी काही विचारलं नाही. आटवत राहिले.
नोकरी गेली त्या वर्षी आमच्याकडे
दर रविवारी बासुंदी झाली.
शेजारची मोराग वाटी परत देताना म्हणायची,
तुमचं छान चाललेलं दिसतंय.

"ड्रायव्हरच्या पायाखाली वाळू फार आहे,"
फ्रेझर हात पुसत म्हणतो. "समुद्रावर जाता वाटतं?"
मी क्षणभर थांबते.
"हो," म्हणते, "जातो आम्ही."

पास.
पण कागदावर तीन ओळी, लक्ष ठेवा म्हणून:
मागचं डावं टायर झिजत आलंय,
खालून थोडा गंज,
हँडब्रेक जरा सैल.
"आज काही करायला नको. माहीत असू द्या, बस."

साडेतीनलाच अंधारून आलं होतं.
पेट्रोल पंपावरच्या दुकानाशी थांबले.
घरी दूध होतं.
तरी घेतलं.